जीवातखान्यातला भुंगेरा

जळगाव, १४ जुलै २०२५

पूज्य विरतिप्रभाजी महासतीजी,
मत्थएण वंदामि.

आपण अमेरिकेत असता तर एव्हाना शंभरदा व्हिडिओ कॉल झाले असते. आपण धुळ्यात आहात, चातुर्मास तिथेच बसलाय, आणि जळगावहून धुळ्याला दिवसभर गाड्या सुटतात. तरी दीक्षेपासून आठ वर्षांत मी एकदाही दर्शनाला आलो नाही. हे पत्र त्याबद्दल नाही. ते लिहायला बसलो तर दुकान उघडायचं राहील.

आपल्या सूरजभुवा (चुकलो, साध्वींना ना भाऊ असतो ना आत्या, आता भुवा फक्त माझ्या) पंधरवड्याला धुळ्याला येतात. त्यांच्याबरोबर हे पाठवतोय. काम भुंगेऱ्याचं आहे.

सोनगीरच्या पांजरापोळातला जीवातखाना आठवत असेल. पप्पा दर महिन्याला टेम्पोत दुकानातली चाळण भरायचे, आपण दोघं पोत्यांवर बसायचो. डाळीला कीड लागली तर तिला ऊन दाखवायचं नाही, विषारी गोळ्या ठेवायच्या नाहीत; सोंडे आणि पोरकिडे थोड्या दाण्यांसकट चाळून काढायचे आणि त्या खोलीत नेऊन सोडायचे, म्हणजे ते आपलं आयुष्य तिथे सुखाने काढतील. दाणाबाजारात आता हे करणारे मोजकेच उरलेत. बाकीचे मला हसतात. मी त्यांच्याबरोबर हसतो आणि महिना झाला की टेम्पो काढतो.

मागच्या खेपेला तिथे एक नवा पाहुणा दिसला. मुंगीपेक्षा जरासा मोठा, मान तांबडी, पाठ काळी आणि पाठीवर आडवा फिकट पट्टा. पळतो मुंगीसारखा, थांबत थांबत. फोटो जोडलाय. आमचा फोनवर एक गट आहे, ‘खान्देश भुंगेरा मंडळ’. नाव मोठं, माणसं थोडी: जामनेरचे हितेंद्र मास्तर, धुळ्याच्या दातांच्या डॉक्टर सुलक्षणा, आणि असेच चार-दोन रिकामटेकडे, ज्यांत मी मोडतो. कुणी फोटो टाकायचा, बाकीच्यांनी ‘हा अमुक’ म्हणून भांडायचं. या फोटोवर मात्र सगळे गप्प आहेत. हितेंद्र मास्तर गप्प बसले म्हणजे प्रकरण साधं नाही.

लहानपणी डाळ निवडताना कुठला किडा कुठला ते आपल्यालाच आधी कळायचं. पुढे शेतकी कॉलेजात कीटकपेटी करायची होती तेव्हा इतर पोरांनी बाटलीत औषध घालून किडे मारले आणि टाचण्यांनी टोचले. आपण होस्टेलच्या खिडक्यांच्या चौकटींतून आणि ट्यूबलाइटच्या पट्टीवरून मेलेलेच वेचून आणलेत. कुणाला पाय नव्हता, कुणाला मिशी. मी त्या पेटीला ‘लंगड्यांचा दवाखाना’ म्हणायचो. सरांनी तांबड्या शाईने लिहिलं होतं, ‘पाय अपुरे’.

तर या किड्याला कुठे पाहिल्यासारखं वाटतं का, एवढंच विचारायचं होतं.

रोनक


जळगाव, ४ ऑगस्ट २०२५

पूज्य महासतीजी,
वंदना.

भुवा परत आल्या. मी विचारलं, काय म्हणाल्या? तर म्हणे, “पत्र वाचलं, फोटो उजेडात धरून पाहिला, आणि म्हणाल्या, दया पाळो.”

दया पाळो तर आपण सगळ्यांनाच म्हणता. हायवेवर पाया पडणाऱ्या ट्रकवाल्यालाही म्हणत असाल. मला वाटलं होतं, निदान ‘माहीत नाही’ असं तरी येईल.

असो. इकडे मंडळ जागं झालंय. पहिले तीन दिवस हितेंद्र मास्तर ठाम होते, ही मुंगीच. मी म्हटलं, मास्तर, मुंगीच्या पाठीवर झाकण असतं का? दोन पंख मिटून पाठीवर पेटीसारखे बसलेत, मधोमध सरळ रेघ आहे. ते म्हणाले, फोटो हलला असेल. मग सुलक्षणाताई स्वतः सोनगीरला गेल्या. दाढा बघायचं भिंग डोळ्याला लावून त्या जीवातखान्याच्या दारात तासभर उकिडव्या बसल्या होत्या. पांजरापोळ सांभाळणारा वना आपल्याला आठवेल, आता त्याचे केस पांढरे झालेत. तो आधी चकित झाला, मग त्यांच्या शेजारीच बसला.

ताईंना किड्याचं पोट खालून बघायचं होतं. हितेंद्र म्हणाले, फ्रीजमध्ये ठेवा, गारठला की हलत नाही. मी ते होऊ दिलं नाही. शेवटी त्याला काचेच्या झाकणावर चालवलं आणि खालून फोटो काढले. पायांचे सांधे, मिशांची टोकं, पोटाच्या पट्ट्या, सगळं आलं. दोन दिवस गटात नुसते पाय आणि मिशा. असोद्याचा समाधान, त्याची केळी आहेत, दर वेळी मध्येच केळीच्या खोडातला सोंडकिडा टाकतो आणि विचारतो, “हा तर नाही ना?” त्याला अजून कुणी रागावलेलं नाही.

मग कूळ कळलं: क्लेरिडी. ही मंडळी मुंगीचा वेश घेतात, म्हणजे पाखरं त्यांच्या वाटेला जात नाहीत. आणि हे खातात काय, ते वनाने आधीच सांगून ठेवलं होतं. “भाऊ, हाऊ मुंगी नही शे. सोंडास्ले खास तो. मी बठ्ठं देखेल शे.”

म्हणजे बघा. आपण सोंड्यांना जीवदान द्यायला एवढ्या लांबून धान्य आणतो, आणि हे गृहस्थ दाराआड बसून त्यांचा फराळ करतात. मला हसू आवरेना. आपल्यालाही आलं असतं, आधीच्या आपल्याला.

जात मात्र कळत नाही. सुलक्षणाताईंच्या ओळखीचे कोलकात्याचे एक जाणकार आहेत, त्यांनी सगळे फोटो पाहिले. म्हणाले, पट्टा ओळखीचा नाही; आपल्याकडे नोंद नसलेली जात असेल किंवा अगदीच नवी. फोटोवरून सांगता येणार नाही. नराचा अखंड नमुना हवा. पोटातला एक भाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. कुठला भाग ते साध्वींना लिहिण्यासारखं नाही.

नमुना म्हणजे मारलेला. कोलकात्याचे सर सौम्यपणे म्हणाले, “एकच पुरे.”

रोनक


जळगाव, २९ ऑगस्ट २०२५

पूज्य महासतीजी,

कालच संवत्सरी झाली. मन, वचन, कायेने काही दुखावलं असेल तर खमत खामणा. हे वाक्य मी काल सबंध बाजारात वाटलंय, आपल्या वाट्याचं शिल्लक होतं. आपल्याकडूनही ते सबंध संघाला एकगठ्ठा आलंच असेल, त्यातला माझा भाग मी घेतला असं धरतो.

‘दया पाळो’ पुन्हा मिळालं. आभारी आहे.

माझ्या हातून एक घोळ झालाय. पांजरापोळाचे अध्यक्ष सुरेशचंदजी जीवातखाना बंद करून तिथे कडबा भरायचं म्हणतात, हे आपल्या कानावर असेल. मला वाटलं, कुठे न सापडणारा भुंगेरा आपल्या खोलीत सापडला हे त्यांना सांगावं, म्हणजे खोलीचा मान वाढेल. पर्युषण बसलं त्या दिवशी घरी आले होते, तेव्हा मी फोटो दाखवले. ते खूश झाले. मग त्यांनी विचारलं, “हा खातो काय?”

मी खरं सांगितलं. धंद्याची गोष्ट असती तर नसतं सांगितलं.

“अरे रोनक,” ते म्हणाले, “सोंड्यांना अभय म्हणून समाज धान्य देतो, आणि आत आपण खाटीक बसवलाय?”

“आपण नाही बसवला, काकाजी. तो आपल्या पायाने आला.”

“त्याला वेगळा काढ. वेगळी खोली देऊ.”

“मग त्याला खायला काय द्यायचं?”

“डाळ.”

“तो डाळ खात नाही.”

त्यांनी थोडा विचार केला. “दोन दिवस उपाशी राहिला की शिकेल.”

चेष्टा नव्हती. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. इतकी वर्षं आपल्या नावावर हिंसा चालली होती म्हणून ते रात्रभर झोपले नाहीत, असं दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा सांगत होता. ट्रस्टची सभा झाली. आता नुसता कडब्याचा प्रश्न उरला नाही, धर्माचा झाला. चातुर्मास उठला की खोली रिकामी करायची, धान्य आणि जीव मागच्या निंबाखाली मोकळ्यावर सोडायचे, आत चुना मारायचा. निंबाखाली डोंगळ्यांची वारुळं आहेत आणि वर साळुंक्या. तिथे किती दिवस कोण टिकेल ते सांगायला जाणकार नको.

असा भुंगेरा दुसरीकडे कुठे आहे का, माहीत नाही. मंडळाने आपापल्या गावच्या गोदामांत, गिरण्यांत शोधलं. नाही मिळाला. म्हणजे मी तोंड उघडलं नसतं तर खोली कदाचित वाचली असती. आता ती जाणार, आणि त्याआधी नमुना मिळाला नाही तर हा प्राणी होता हे फक्त आम्हा चार रिकामटेकड्यांना आणि खाटीक म्हणणाऱ्या ट्रस्टला माहीत असेल. त्याला निदान नाव मिळावं, एवढंच आता मला हवंय.

रोनक


जळगाव, २४ सप्टेंबर २०२५

हिना,

हे नाव लिहायचं नसतं, ठाऊक आहे. महासतीजींना विचारून पाहिलं, उत्तर ठरलेलं येतं. आता तुला विचारतो.

हितेंद्र मास्तरांनी एसटीच्या पार्सलने एक बाटली पाठवली आहे. आत औषधाचा बोळा आहे. किडा आत टाकायचा, झाकण लावायचं, थोड्या वेळाने काढायचा. वर चिठ्ठी: ‘रोनकशेठ, एवढी माया ठीक नाही. एक मारा, जात वाचवा.’ माणूस वाईट नाही. शाळेतल्या पोरांना घेऊन उन्हातान्हात फुलपाखरं दाखवत हिंडतो. त्याच्या लेखी हे साधं गणित आहे.

मी दुसरी वाट काढून पाहिली. तीन भुंगेरे बरणीत घालून घरी आणले. म्हटलं, आपल्या मरणाने मरतील, मग पाठवीन. तर त्यांना खायला हवं. बरणीत सोंडे टाकले की सोंड्यांना मी मारलं. नाही टाकले की भुंगेऱ्यांना मी मारलं. बरणी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर होती, मम्मी तिच्याकडे पाठ करून माळ जपायची. चौथ्या दिवशी मी एक सोंडा टाकला. भुंगेऱ्याने त्याला पुढच्या पायांनी धरून फिरवला, मान शोधली. मी बघत राहिलो. सांगायला लाज वाटते, पण फार सुंदर दिसत होतं ते. दुसऱ्या दिवशी सोनगीरला जाऊन तिघांना परत सोडून आलो. बाटली दुकानात वजनकाट्याच्या मागे ठेवली आहे.

मला राग आहे, हिना. तू गेलीस याचा नाही. घरातून याआधीही दोघीतिघी गेल्या आहेत, आपल्याकडे ते नवं नाही. त्या पेटीनंतर तू कॉलेज सोडलंस, स्थानकात साध्वींपाशी बसायला लागलीस, आणि एक दिवस घरात सगळ्यांना ठाऊक होतं की तुझी दीक्षा ठरली. मला वरघोड्याच्या मिरवणुकीतल्या घोड्याचं बघायला सांगितलं तेव्हा कळलं. डाळीतला साधा किडा दिसला तरी तू मला हाक मारायचीस. ही एवढी मोठी गोष्ट, आणि हाक मारली नाहीस.

म्हणून मी विचारतो, कारण मी विचारणारा माणूस आहे. एक मारू का? हो म्हण नाहीतर नाही म्हण. आणि दया पाळो म्हणणार असशील तर कुणाची पाळू तेही सांग. सोंड्याची, भुंगेऱ्याची, की ज्याचं नावही कुणी ठेवलं नाही त्या जातीची?

रोनक


जळगाव, ७ नोव्हेंबर २०२५

पूज्य महासतीजी,
मत्थएण वंदामि.

मागचं पत्र मर्यादा सोडून लिहिलं गेलं. भुवा सांगत होत्या, आपण ते वाचलंत आणि घडी केलीत. त्या उठायला लागल्या तेव्हा आपण विचारलंत, “मेलेले कुठे जातात?”

भुवांना वाटलं तत्त्वज्ञान आहे. त्यांनी मला नरक, स्वर्ग, निगोद असं सगळं सांगितलं. मी ओळखलं, प्रश्न भुंगेऱ्यांचा आहे. आठ वर्षांतला पहिला प्रश्न आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

मेलेले मिळत नाहीत. दिवाळीचे दिवस सोडले तर दर रविवारी मी सोनगीरला होतो. वनाने आणि मी सगळं धान्य चाळणीने, पिसाने, बोटाने उलथलं. मेला की डोंगळे ओढून नेतात, नाहीतर धान्यातल्याच अळ्या कुरतडतात. एक पंख मिळतो, कधी अर्धी मान. डोकं नसलेला एक मिळाला होता, कोलकात्याला विचारलं, ते म्हणाले, नको. सुलक्षणाताईही दोनदा येऊन गेल्या. गटात आता या विषयावर कुणी बोलत नाही. समाधानसुद्धा केळीचा किडा टाकत नाही.

रविवारी, १६ तारखेला, खोली रिकामी होणार. माणसं सांगून झाली आहेत. माझं ठरलंय. त्या दिवशी सकाळी मी बाटली घेऊन जाणार आणि एक मारणार. नंतर जे प्रायश्चित्त असेल ते घेईन. मला ते बरोबर वाटत नाही, आणि न करणंही बरोबर वाटत नाही. दोन्हीकडून चूकच असेल तर नाव तरी राहील.

आपला विहार आता शिरपूरकडे आहे असं कळलं. वाटेत सोनगीर लागतं आणि साध्वींचा मुक्काम पांजरापोळातच असतो. विनंती एवढीच, रविवारी मी पोचेपर्यंत आपण पुढे गेलेल्या असाव्यात. आपल्या देखत माझ्याने होणार नाही.

रोनक


सोनगीर, १६ नोव्हेंबर २०२५

हिना,

पांजरापोळाच्या ओट्यावर बसून लिहितोय. कुणाबरोबर पाठवायचं ते नंतर बघू.

मी पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. बाटली शर्टाच्या खिशात होती. माणसं घमेली घेऊन बसली होती आणि वना दाराला टेकून उभा होता, कुणालाही आत जाऊ देत नव्हता. मला बघून म्हणाला, “भाऊ, त्या गयात. दिन निंघना आणि लगेच निंघन्यात.”

तू पुढे गेलीस, माझंच ऐकून. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मग वनाने सांगितलं. तुम्ही चौघीजणी काल दुपारी आलात. ऊन कलायच्या आत तू त्याला जीवातखाना उघडायला सांगितलंस. आत पाऊल टाकलं नाहीस. उंबऱ्यातूनच धान्य पाहिलंस, मग भिंती पाहिल्यास, मग वर झरोका पाहिलास, काच बसवलेला, ज्याच्याकडे इतक्या महिन्यांत मी एकदाही मान वर केली नव्हती. “ह्या झरोकाले बाहेरथीन वाट शे का?” असं विचारलंस म्हणे. मागच्या बाजूला गच्चीचा जिना आहे, तिथून हात पोचतो.

आज सकाळी पडिलेहण केलंस. रोज दोनदा कपड्याची घडीन् घडी उलगडून त्यात जीव आहे का बघणारी माणसं तुम्ही. आमच्या मंडळात एवढी नजर कुणाची नाही. मग जिन्यावर गेलीस. झरोक्याचं दार ओढलंस आणि चौकटीत पूंजणी, तो तुमचा लोकरीचा मऊ कुंचा, फिरवलीस, हलकेच. मेलेलं धान्यात शोधायचं नसतं. मरायला टेकलेला किडा उजेडाकडे जातो आणि काचेशी थांबतो. होस्टेलच्या खिडक्या. मी स्वतःच्या हाताने तुला ते लिहिलं होतं, हसत हसत, आणि चार महिने डाळ उपसत बसलो.

वनाने आतून एक पुडी आणली. तुझ्याजवळ काही ठेवता येत नाही, म्हणून तू नुसतं त्याला म्हणालीस की हा निर्जीव आहे, कुणाला हवा असेल तर नेईल. कागदाची घडी त्याने घातली, त्याच्या नातवाच्या शाळेच्या वहीतला कागद. मी तिथेच उघडली. तांबडी मान, काळी पाठ, फिकट पट्टा. मिशा आहेत. नर आहे की मादी ते कोलकात्याला कळेल. मादी निघाली तर सगळं मुसळ केरात, पण आता त्याचा घोर वाटत नाही. सुलक्षणाताईंना फोटो पाठवला. त्या सरळ गाडी काढून निघाल्या आहेत. हितेंद्र मास्तरांची बाटली मी वनाच्या मोरीत उघडी ठेवून दिली, वास उडून गेला की परत पाठवीन.

सुरेशचंदजीही आलेत. खोली रिकामी होतेच आहे, ते टळलं नाही. मी त्यांना पुडी दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, “कुणी मारला?” मी म्हटलं, कुणी नाही. ते खोलीच्या दारापर्यंत जाऊन आले आणि वनाला म्हणाले, मागच्या पत्र्याखाली चार पोती जाऊ दे, निंबाखाली सगळं नको. त्या चार पोत्यांतून भुंगेरे वेचून काढायला मात्र सांगितलंय. वना हो म्हणालाय. वनाची नजर आता अधू झाली आहे, असं तो त्यांना सांगत होता. मला ते नवीन होतं.

निघताना मी वनाला विचारलं, आणखी काही म्हणाल्या का. मला वाटलं, दया पाळो म्हणाली असशील. तो म्हणाला, हां, जिना उतरताना एक गोष्ट सांगून गेल्या, मग थोडं हसल्या पण. “भाऊले सांगजो, सहाई पाय शेतस.”

मी तिथेच उन्हात उभं राहून मोजले. आहेत.

रोनक